गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची दिल्लीवारी

1933 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम टिलेट यांनी एक प्रयोग मांडला आणि तो फसला. घसा धरवणाऱ्या, ताप आणणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंवर ते काम करत होते. माणसाच्या प्लाझ्मात हे जंतू टाकले की त्यांचे पुंजके होतात, पण सीरममध्ये टाकले तर होत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले होते. प्लाझ्मात फायब्रिनोजेन असते आणि सीरममध्ये ते नसते, एवढाच या दोहोंतला ठळक फरक. तेव्हा जंतू फायब्रिनोजेन स्वतःच्या अंगाला चिकटवून घेत असावेत, असा त्यांनी तर्क केला. तो खरा असेल, तर जंतू घातलेला प्लाझ्मा गोठायला नको. कारण गोठण्यासाठी लागणारे फायब्रिनोजेन मोकळे उरणारच नाही.

रक्त काढताना ते गोठू नये म्हणून त्यात ऑक्झलेट मिसळलेले होते. ऑक्झलेट रक्तातले कॅल्शियम बांधून टाकते, आणि कॅल्शियमवाचून रक्त गोठत नाही. म्हणून टिलेट यांनी दोन नळ्या घेतल्या, एकीत जंतू घातले, दुसरीत नाही, आणि मग दोन्हींत कॅल्शियम घातले. जंतू नसलेली नळी अपेक्षेप्रमाणे गोठली. जंतूंची नळीसुद्धा गोठली, थोडी उशिरा इतकेच. तर्क मोडला. नळ्या बाजूला ठेवल्या गेल्या. काही वेळाने त्यांची नजर पुन्हा तिकडे गेली, तेव्हा जंतूंच्या नळीतली गुठळी नाहीशी होऊन तिथे पुन्हा पातळ द्रव झाला होता.

टिलेट आणि त्यांचे सहकारी गार्नर यांनी त्याच वर्षी हे प्रसिद्ध केले. पुढे हृदयविकाराच्या झटक्यात लाखो लोकांना दिलेल्या स्ट्रेप्टोकायनेजचा जन्म तो हा. या जन्मकथेत कॅल्शियमचे नाव सहसा कोणी घेत नाही. मला ते अन्यायाचे वाटते. त्या दिवशी नळीत चिमूटभर कॅल्शियम पडले नसते तर गुठळीच झाली नसती, आणि गुठळी नसती तर ती विरघळलेली कोणाला दिसली असती?

कॅल्शियमचे हे गुपित तेव्हा नवे नव्हते. मॉरिस आर्थस आणि पाजे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1890 मध्येच दाखवले होते की कॅल्शियम काढून घेतले की रक्त पातळच राहते. त्याच ज्ञानावर 1914-15 च्या सुमारास ब्रसेल्स, ब्यूनोस आयर्स आणि न्यूयॉर्क इथल्या डॉक्टरांनी सोडियम सायट्रेट वापरून रक्त गोठू न देता रुग्णाला द्यायला सुरुवात केली. सायट्रेटही कॅल्शियमलाच धरून ठेवते. आजही पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त गोठण्याच्या चाचणीसाठी निळ्या झाकणाची नळी वापरतात, तिच्यात सायट्रेट असते. जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए असते. दोघांचे काम एकच, कॅल्शियमला अडकवणे. रक्त गोठवणाऱ्या साखळीतली काही प्रथिने कॅल्शियमच्या आधारानेच पेशींच्या पडद्याला चिकटतात आणि तिथे बसून एकमेकांना जागे करतात. कॅल्शियम गेले की त्यांना टेकायला जागा उरत नाही.

गुठळी बांधण्यात धातूचा हात आहे, तर ती सोडवण्यातही असेल का? हा प्रश्न विचारायला मात्र बराच काळ जावा लागला, कारण आधी ती सोडवतो कोण हेच कळत नव्हते. टिलेट यांना वाटले होते की जंतूच फायब्रिन पचवतो. पण मग तो माणसाचेच फायब्रिन का पचवतो, सशाचे का नाही? 1941 मध्ये मिलस्टोन यांनी दाखवले की माणसाच्या रक्तातलाच एक घटक यात भाग घेतो. 1945 मध्ये क्रिस्टेन्सन आणि कॉलिन मॅक्लाउड यांनी उलगडा पुरा केला. हे मॅक्लाउड म्हणजे डीएनए हेच आनुवंशिकतेचे द्रव्य आहे असे एकच वर्ष आधी दाखवणाऱ्या तिघांतले एक. एका माणसाच्या वाट्याला किती यावे! उलगडा असा: आपल्या रक्तात प्लाझ्मिनोजेन नावाचे झोपलेले प्रथिन असते. जंतूचे प्रथिन त्याला एकास एक बिलगते, त्याचा आकार बदलते आणि त्या जोडीतून खरे कात्रीचे काम करणारे प्लाझ्मिन तयार होते. म्हणजे काटेकोरपणे बोलायचे तर स्ट्रेप्टोकायनेज हे एन्झाइमच नव्हे. 414 अमिनो आम्लांचा तो एक चिथावणीखोर आहे. कापते ते आपलेच एन्झाइम.

औषध म्हणून त्याचा पहिला उपयोग हृदयासाठी झालाही नाही. छातीच्या पोकळीत साचलेला पू आणि रक्त पातळ करण्यासाठी टिलेट आणि सोल शेरी यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस ते वापरले. हृदयविकाराच्या झटक्यात शेरी आणि सहकाऱ्यांनी 1958 मध्ये ते शिरेतून दिले. नंतरची पंचवीसेक वर्षे डॉक्टर मंडळी वाद घालत राहिली, कारण झटक्याच्या मुळाशी गुठळी असते की गुठळी हा झटक्याचा परिणाम असतो, यावरच एकमत नव्हते. वाद मिटवला तो आकड्यांनी. 1986 मध्ये इटलीतल्या गिस्सी चाचणीत 11,806 रुग्ण होते. 1988 च्या आयसिस-2 मध्ये 17,187. त्यात काहीच न दिलेल्यांपैकी 13.2 टक्के रुग्ण पाच आठवड्यांत दगावले. स्ट्रेप्टोकायनेज आणि साधी ॲस्पिरिन दोन्ही मिळालेल्यांत हे प्रमाण 8 टक्क्यांवर आले. इतक्या स्वस्तात इतके जीव वाचवणारी गोष्ट हृदयरोगाच्या शास्त्रात फार थोडी आहे.

स्वस्तात, पण कोणाला? भारतात तेव्हा हे औषध बाहेरून येत असे, आणि झटका आलेल्या माणसाच्या घरच्यांना रात्री-अपरात्री खिसे चाचपायला लावत असे. इथून कथा दिल्लीच्या वाटेला लागते.

देशाच्या प्रयोगशाळांचा कारभार ज्या रफी मार्गावरून चालतो, तिथे 1995 च्या जुलैत सीएसआयआरचे महासंचालक म्हणून डॉ. रघुनाथ माशेलकर आले. गोव्यातल्या माशेलचे, मुंबईत वाढलेले, माटुंग्याच्या यूडीसीटीत शिकलेले, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक राहिलेले. मराठी वाचकाला ते हळदीच्या पेटंटविरुद्धच्या लढ्यामुळे आठवतात. ते अमेरिकी पेटंट 1997 मध्ये रद्द झाले. पण त्यांच्या कारकिर्दीतली मोठी गोष्ट मला वेगळी वाटते. शास्त्रज्ञाने नुसता निबंध छापून थांबू नये, त्यातून कोणाच्या तरी हाती वस्तू पडावी, हा तगादा त्यांनी प्रयोगशाळांमागे लावला. तगाद्याने विज्ञान होते का, असा प्रश्न विचारणारे तेव्हाही होते आणि त्यांचे म्हणणे सगळेच खोटे नव्हते. स्ट्रेप्टोकायनेजच्या बाबतीत मात्र तगादा लागू पडला.

सीएसआयआरच्याच चंडीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे इमटेकमध्ये, 1991 पासून डॉ. गिरीश साहनी स्ट्रेप्टोकायनेजच्या मागे लागले होते. संस्था 1984 मध्ये स्थापन झालेली, नवी. देशभरातल्या सूक्ष्मजीवांचे भांडार सांभाळणे हे तिचे एक मोठे काम. साहनींच्या गटाने आधी नैसर्गिक जंतूपासून औषध बनवण्याची पद्धत बसवली. ऐकायला हे सोपे वाटते, पण हा जंतू खोडकर. औषधासाठी वापरायचा तो क गटातला, त्यातल्या त्यात निरुपद्रवी म्हणून निवडलेला वाण. तरी तो आपल्या पोषणद्रवात स्ट्रेप्टोकायनेजबरोबर नको ती प्रथिनेही ओततो. ती वेगळी काढायची, औषधाची ताकद टिकवायची, आणि हे सगळे नळीत करून चालत नाही, टाकीत करावे लागते. अहमदाबादच्या कॅडिला फार्मास्युटिकल्सने हे तंत्र घेतले आणि 2001 च्या सुमारास ‘एसटीपेज’ नावाने देशी स्ट्रेप्टोकायनेज बाजारात आले. पुढे जनुक ई. कोलाय जंतूत घालून बनवलेले स्ट्रेप्टोकायनेज चेन्नईच्या शासुन कंपनीकडे गेले आणि 2009 मध्ये ‘क्लॉटबस्टर’ आणि ‘लुपिफ्लो’ या नावांनी विकले जाऊ लागले. हैदराबादच्या कंपन्यांनीही स्वतःची उत्पादने काढली.

दिल्लीतही हे काम चालू होते, आणि त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. जेएनयूच्या जैवतंत्रज्ञान केंद्रात सय्यद शम्स याझदानी आणि के. जे. मुखर्जी यांनी 1998 मध्ये दाखवले की ई. कोलाय जंतूंना एकदम जेवू न घालता थोडे थोडे खाद्य पुरवत नेले, तर त्यांच्याकडून स्ट्रेप्टोकायनेज भरपूर काढता येते. जंतूला कधी किती खायला द्यायचे, त्याने परके जनुक वाटेत टाकून देऊ नये म्हणून काय करायचे, असले हे काम. वर्तमानपत्रात याची बातमी होत नाही. कारखाना मात्र यावरच चालतो.

आता धातूंकडे परत येतो, कारण ज्यांनी या विषयावरचे शोधनिबंध वाचले आहेत त्यांना धातूंच्या परिणामाचे तक्ते ओळखीचे असतील. स्ट्रेप्टोकायनेजला दोन अडचणी होत्या आणि आहेत. ते जंतूचे प्रथिन असल्याने एकदा दिल्यावर शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवते, म्हणून दुसऱ्या झटक्यात तेच देणे टाळतात. आणि ते गुठळी कुठे आहे हे पाहत नाही; सगळ्या रक्तातले प्लाझ्मिनोजेन जागे करते, त्यामुळे रक्तस्राव होतो, कधी मेंदूतही. म्हणून 1980 नंतर जगभर दुसरे पर्याय शोधण्याची लाट आली. जपानच्या हिरोयुकी सुमी यांनी आंबवलेल्या सोयाबीनच्या नॅट्टोत फायब्रिन विरघळवणारे एन्झाइम असल्याचे 1987 मध्ये प्रसिद्ध केले. मग माती, समुद्र, गांडुळे, सापाचे विष, आंबवलेले मासे, जिथे मिळेल तिथे शोध सुरू झाला. भारतातल्या विद्यापीठांतही असे निबंध भराभर येऊ लागले, आणि जवळपास प्रत्येकात एक तक्ता असे: कोणत्या धातूच्या आयनाने एन्झाइमची क्रिया किती वाढली, किती घटली.

माशेलकरांच्या त्याच माटुंग्यातले उदाहरण घेऊ. यूडीसीटीचे आता आयसीटी झाले आहे. तिथे स्मिता लेले यांच्या गटाने समुद्रातून मिळवलेल्या बॅसिलस सब्टिलिसच्या एका वाणातून असे एन्झाइम शुद्ध केले आणि 2012 मध्ये ते प्रसिद्ध केले. वाणाचे नाव आयसीटीएफ-1. कॅल्शियमने या एन्झाइमची क्रिया वाढते. जस्त, लोह आणि पारा यांनी ती दबते. बॅसिलस कुळातल्या बहुतेक एन्झाइमांची हीच तऱ्हा. या एन्झाइमांच्या घडीत कॅल्शियमच्या ठरलेल्या जागा असतात. ते तिथे बसले की सैल पदर बांधले जातात, उष्णता सोसते, आणि एन्झाइम आपणच आपल्याला कापत सुटत नाही. कापण्याच्या प्रत्यक्ष क्रियेत कॅल्शियमचा हात नसतो. पारा आणि जस्त यांची गोष्ट उलटी: ते कापणाऱ्या जागेजवळच्या हिस्टिडिनसारख्या घटकांना जाऊन चिकटतात आणि काम अडवतात. सापाच्या विषातल्या काही एन्झाइमांचा प्रकार आणखी वेगळा. त्यांच्या गाभ्यातच जस्ताचा अणू असतो आणि कापण्याचे काम तोच घडवून आणतो. जस्त काढून घेणारे ईडीटीए घातले की ते एन्झाइम थंड. म्हणजे जे जस्त एका एन्झाइमचे प्राण आहे, तेच दुसऱ्याचे विघ्न.

या तक्त्यांचा उपयोग काय? नवे एन्झाइम सापडले की ते कोणत्या घराण्यातले हे त्यावरून चटकन ओळखता येते. ते बनवताना पाण्यात काय असू नये, साठवताना काय घालावे, हे कळते. एवढे पुष्कळ आहे. पण निबंधाच्या शेवटी लेखक सहसा एक उडी मारतात: कॅल्शियमने क्रिया वाढते, तेव्हा हे औषध म्हणून आशादायक आहे. इथे थांबून आकडे पाहायला हवेत. या चाचण्यांत धातूचे प्रमाण बहुधा एक ते पाच मिलिमोलर ठेवतात. रक्तात मोकळे कॅल्शियम साधारण 1.1 ते 1.3 मिलिमोलर असते आणि शरीर ते काटेकोरपणे तेवढेच राखते, म्हणजे कॅल्शियमचा निष्कर्ष रक्ताच्या जवळ जातो, पण औषधाला त्यातून जास्तीचे काही मिळत नाही. जस्ताचे रक्तातले एकूण प्रमाण चाचण्यांतल्या प्रमाणापेक्षा कितीतरी पटींनी कमी, आणि त्यातलेही बहुतेक प्रथिनांना बांधलेले. पाच मिलिमोलर पारा ज्याच्या रक्तात असेल त्याला गुठळीची चिंता करायला वेळ मिळणार नाही.

जस्ताबाबत मात्र एक गाठ अलीकडे नव्याने सुटली. गुठळी होताना प्लेटलेट आपल्या पोटातले जस्त बाहेर टाकतात, आणि त्यामुळे त्या जागी, तेवढ्यापुरते, जस्त वाढते. कॅनडातल्या जेफ्री वाइट्झ यांच्या गटाने 2015 मध्ये दाखवले की हे जस्त प्लाझ्मिनोजेन जागे होण्याला आणि प्लाझ्मिनच्या कात्रीला, दोन्हींना मंद करते. म्हणजे शरीर गुठळी बांधताना कॅल्शियम वापरते आणि ती लगेच सुटू नये म्हणून जस्ताचा पहारा बसवते. जखमेवरची खपली टिकावी म्हणून केलेली ही सोय हृदयाच्या धमनीत नडते.

साहनींच्या गटाने स्ट्रेप्टोकायनेजच्या दुसऱ्या अडचणीवर वेगळ्याच बाजूने हल्ला केला. फायब्रोनेक्टिन या मानवी प्रथिनात फायब्रिनला धरून ठेवणारे तुकडे असतात. ते त्यांनी स्ट्रेप्टोकायनेजला जोडले. त्यामुळे औषध गुठळीपाशी जाऊन बसते, आणि तिथे पोचल्यावर थोड्या उशिराने जागे होते. वाटेत सगळ्या रक्तावर हात टाकत नाही. या गुठळी ओळखणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजचे हक्क 2006 मध्ये अमेरिकेच्या नॉस्ट्रम कंपनीने घेतले. माशेलकरांच्या कारकिर्दीचे ते शेवटचे वर्ष. ज्या देशाला कालपर्यंत हे औषध बाहेरून आणावे लागत होते, त्याच्या प्रयोगशाळेकडून अमेरिकी कंपनीने सुधारलेली आवृत्ती विकत घ्यावी, याचा रफी मार्गावर आनंद झाला असणारच. 2015 च्या ऑगस्टमध्ये साहनी स्वतः त्याच इमारतीत महासंचालक म्हणून आले. ते नवे औषध मात्र अजून डॉक्टरांच्या रोजच्या वापरात आलेले नाही. रेण्वीय चातुर्य आणि रुग्णाची शीर यांच्या मधली वाट किती लांब असते, याचा हा नमुना.

जुन्या साध्या स्ट्रेप्टोकायनेजने मात्र आपले काम केले. किती, ते 2008 मध्ये लॅन्सेटमध्ये छापलेल्या क्रिएट नोंदवहीत दिसते. देशातल्या 50 शहरांतल्या 89 रुग्णालयांतून निश्चित निदान झालेल्या 20,468 हृदयरुग्णांची माहिती गोळा केली होती; दिल्लीचे डॉ. श्रीनाथ रेड्डी आणि डॉ. दोराइराज प्रभाकरन, तसेच नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी हेही या कामात होते. मोठा झटका आलेल्यांपैकी 58.5 टक्के रुग्णांना गुठळी विरघळवणारे औषध मिळाले, आणि त्यांतल्या 96.3 टक्क्यांना मिळालेले औषध स्ट्रेप्टोकायनेजच होते. गरिबाला परवडले ते हेच.

या यशाला एक डाग आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. 2005 मध्ये युरोपियन हार्ट जर्नलमध्ये जगभरच्या स्ट्रेप्टोकायनेजच्या निरनिराळ्या उत्पादनांची तुलना छापून आली. बाटलीवर लिहिलेल्या ताकदीपेक्षा बऱ्याच उत्पादनांची खरी ताकद पुष्कळ कमी निघाली. तपासणी करणाऱ्यांत मूळ महागड्या औषधाच्या कंपनीची माणसे होती, हे लक्षात घेऊनही निष्कर्ष झटकून टाकता येत नाही. 15 लाख युनिट म्हणून दिलेल्या बाटलीत तेवढे युनिट असलेच पाहिजेत, आणि ते मोजणाऱ्या सरकारी यंत्रणेचे नाव कोणत्याही यशोगाथेत नसते.

आज मोठ्या शहरांत अँजिओप्लास्टी पुढे गेली आहे. जिथे ती वेळेत होत नाही तिथे टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारे दुसरे औषध आले. पुण्याची जेनोव्हा कंपनी ते बनवते. ते एका टोच्यात देता येते, स्ट्रेप्टोकायनेज तासभर ठिबकत द्यावे लागते. 2019 मध्ये आयसीएमआर आणि एम्स यांनी दिल्लीत ‘मिशन दिल्ली’ सुरू केले: एम्सपासून तीन किलोमीटरच्या परिसरात कोणाच्या छातीत दुखू लागले तर प्रशिक्षित परिचारक मोटरसायकलवरून घरी पोचणार, ईसीजी काढून एम्सच्या डॉक्टरांना पाठवणार आणि त्यांनी सांगितले तर गुठळीचे औषध तिथेच देणार. तेव्हा आयसीएमआरचे महासंचालक असलेले डॉ. बलराम भार्गव स्वतः एम्सचे हृदयरोगतज्ज्ञ. टिलेट यांच्या नळीपासून दिल्लीच्या रहदारीतल्या मोटरसायकलपर्यंत यायला 86 वर्षे लागली.

क्रिएट नोंदवहीतला एक आकडा मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. दुखू लागल्यापासून रुग्णालयात पोचायला लागलेला मध्यक वेळ होता 360 मिनिटे. रुग्णालयात पोचल्यापासून औषध सुरू होईपर्यंत 50. औषध, त्यातले प्रथिन, रक्तातले कॅल्शियम आणि प्लेटलेटमधले जस्त या सगळ्यांनी मिळून जितका फरक पडत नाही, तितका त्या सहा तासांनी पडतो. नॅट्टोकायनेजच्या कॅप्सूल आता ऑनलाइन मिळतात. झटक्यात त्यांचा काही उपयोग नाही, आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नका. छातीत दाबल्यासारखे होऊन घाम फुटला, दुखणे हातात किंवा जबड्यात गेले, तर ॲसिडिटी समजून सकाळची वाट पाहू नका. दिल्लीत 102, महाराष्ट्रात 108 फिरवा, आणि दुखणे किती वाजता सुरू झाले ते डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.